ओल धरून ठेवजा

केशोरीच्या आसपास पाणी धरावं तर दुधरामनंच. हे त्याचं स्वतःचं मत होतं, पण खोटं नव्हतं. धानाच्या बांधीला, म्हणजे खाचराला, त्यानं एकदा मातीचा धुरा, म्हणजे बांध, घातला की खेकड्यालासुद्धा त्यातून वाट सापडायची नाही. लोकांच्या बांध्या रात्रीतून रित्या व्हायच्या, याच्या बांधीत घोटाभर पाणी आपलं जागच्या जागी उभं. साठी ओलांडली तरी खांद्यावर फावडा टाकून निघाला की गडी अशा ऐटीत चालायचा, जणू गावचं पाणी याच्याच हुकमानं थांबतं.

घरामागची वाडी मात्र त्याच्या राज्यात नव्हती. ती धुरपताची, म्हणजे त्याच्या बायकोची. वांगी, भेंडी, बरबटी, मिरची आणि मांडवावर लौकी, जिला पुण्याकडचे लोक दुधी म्हणतात. कित्येक वर्षांपासून तिनं वाडीत ना युरियाचा दाणा पडू दिला, ना औषधाचा फवारा. शेण, गोमूत्र, कडूनिंबाचा पाला आणि झाडांच्या बुडाशी पसरलेलं धानाचं तणीस, म्हणजे वाळला पेंढा, एवढ्यावर ती बाई बाजाराला भरली टोपली न्यायची आणि रिकामी आणायची. दुधराम आपल्या धानाला पोत्यानं युरिया टाकायचा आणि वाडीकडं पाहून नाक मुरडायचा. "भातुकली होय तुही," म्हणायचा. ताटात त्याच वाडीचं वांगं पडलं की मात्र दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा, आणि तेव्हा भातुकलीचं नाव काढत नसे.

त्यातल्या लौकीची गोष्ट न्यारी होती. तिचं बी धुरपताच्या आईचं, आणि आईला ते तिच्या आईकडून आलेलं. त्यांच्या घरात रीतच होती तशी. पोरीचं पहिलं बाळंतपण झालं आणि ती बाळ घेऊन सासरी निघाली, की ओटीत तांदूळ-नारळाबरोबर मूठभर लौकीचं बी घालायचं. धुरपताच्या ओटीत ते असंच आलं होतं. फळ ठेंगणं, गळ्याशी बारीक, अंगावर पांढुरकी लव, आणि शिजवलं की गोड. तशी लौकी बाजारात शोधून मिळायची नाही. बी ती पोकळ भोपळ्याच्या वाळल्या तुंबीत ठेवायची. गेल्या पावसाळ्यात उंदरांनी तुंबी पोखरली आणि बियांचा फडशा पाडला. सांडलेले चार दाणे हाती लागले, त्यांचे माघात तीन वेल उगवले. सगळं मिळून तेवढंच उरलं होतं.

आणि इकडं त्यांची एकुलती लेक चंदा गोंदियाला सासरी पहिलटकरीण. म्हणजे या उन्हाळ्यात मांडवावर एक तरी लौकी धरायला हवी, वेलावरच पिकून वाळायला हवी. नाहीतर चंदाच्या ओटीत काय घालणार? पण ऊन असं की वेलावर नुसती नराची फुलं. चुकून मादी फूल आलंच, तर सुकून गळायचं.

फुलांचं हे प्रकरण दुधरामला भारी हसवायचं. लौकीचं फूल दिवस मावळताना उमलतं. अशा कडक उन्हाळ्यात त्याच्याकडं ना माशी फिरकत, ना पाखरू. म्हणून धुरपता स्वतःच लगीन लावायची. लांब देठाचं फूल म्हणजे नवरदेव. ज्याच्या मागं बोटाच्या पेराएवढी लौकी आधीच बसलेली असते, ती नवरी. नवरदेव खुडायचा, पाकळ्या मागं सारायच्या, नवरीच्या मधोमध हळूच टेकवायचा आणि म्हणायचं, "शुभमंगल सावधान."

"अक्षता आनू का?" दुधराम खाटेवरून विचारायचा.

"तुमी तेवढं तोंड बंद ठेवा. नवरी लाजते," ती म्हणायची.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यात तापते नऊ दिवस, लागायला दोन-चार दिवस असतील, तेव्हा जावयाचा फोन आला. चंदाला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. बाळंतपणाला तिला केशोरीला आणायचं ठरलं होतं, ते सगळं राहिलं बाजूला. धुरपतानं पिशवीत दोन लुगडी कोंबली, आणि अर्जुनीहून गोंदियाची गाडी धरायची म्हणून दोघं स्टँडवर धावत आली. बाई खिडकीपाशी बसली. बस हलली तेव्हा कुठं दुधरामला सुचलं.

"अवं, वाडीचं काय करू?"

"ओल धरून ठेवजा," धुरपता खिडकीतून ओरडली. पुढंही ती काहीतरी बोलली, पण ड्रायव्हरनं हॉर्न दाबला आणि ते बोलणं धुरळ्यात गेलं.

आता गंमत बघा. धुरपताची ओल म्हणजे काय? तणसाखाली हात घातला की माती गार लागली पाहिजे, बस. पण दुधरामनं जन्मभर धरण्याचा एकच अर्थ जाणला होता. धुरा घालायचा, बांधीचं तोंड बुजवायचं आणि पाणी उभं करायचं. बायकोनं कधी नव्हे ते आपल्या हुन्नराचं काम सांगितलं, म्हणून गडी खूश झाला. त्याच संध्याकाळी फावडा घेऊन वाडीत उतरला.

त्यानं आधी ते तणीस कचरा समजून काढलं आणि कुंपणाशी ढीग लावला. मग चारी बाजूंनी धुरा ओढला. असा सरळ, असा गुळगुळीत, की स्वतःच थांबून पाहत राहिला. लौकीचा एक फाटा मांडवावरून उतरून कडेकडेनं जमिनीवर पसरला होता. तो धुऱ्याच्या वाटेत आला. दुधरामनं त्याला उचलायचे कष्टही घेतले नाहीत. वरून दोन फावडे चिखल थापला आणि पुढं सरकला. मग मोटार सुरू केली. वाडी घोटाभर भरली तेव्हा मावळतीचा उजेड पाण्यात पडला होता, आणि दुधरामला वाटलं, धुरपता पाहील तर तोंडात बोट घालील.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सहज मागच्या दारी गेला आणि जागीच थबकला. लौकीच्या पानांनी माना टाकल्या होत्या. वांगी लुळी पडली होती. वाडीचा जीव गेल्यासारखा दिसत होता. रोज दुपारी ही झाडं अशीच माना टाकतात, हे त्याला ठाऊक असणार कुठून? दुपारी तो आजवर नेहमी झोपलेला असायचा. त्यानं विचार केला, पाणी कमी पडून राहिलं. पुन्हा मोटार लावली.

संध्याकाळी धुरपताचा फोन आला. पोरगी झाली होती. चंदा बरी होती, पण बाळ अगदीच लहान, काचेच्या पेटीत ठेवलं होतं.

"वाडी कशी हाय?" तिनं विचारलं.

"मस्त हाय. तू पोरीकडं पाय," दुधराम म्हणाला. तेव्हा ते त्याला खरंच मस्त वाटत होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली तरी माना वर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पानं पिवळी पडली आणि वाडीतून कुबट वास यायला लागला. कुंपणापलीकडचा उदाराम, दुधरामचा बरोबरीचा, तंबाखू मळत आला.

"काऊन गा, वाडीत धान लावून राहिला का?" त्यानं विचारलं. मग पानं पाहून जरा गंभीर झाला. "पिवळं पडून राहिलं लेका. बाईमानूस घरी नाही तवर युरिया मारून दे. परवा हिरवंगार. कोनाले काय मालूम पडते?"

दुधरामलाही तेच हवं होतं. कोठ्यातून पसाभर युरिया घेऊन त्यानं धुरा ओलांडला आणि वाडीत पाय टाकला. टाकला तसा झटकन वर घेतला. पाणी चटका देत होतं. भर दुपारचं ऊन तीन दिवस त्या उभ्या पाण्यात मुरलं होतं. त्यानं खाली वाकून पाहिलं तर पाण्यावर गांडुळं. एक नाही, दोन नाही. धुऱ्याच्या कडेनं नुसता खच पडला होता. जाडजूड, गुलाबी, मऊ झालेली. मातीतून जीव घेऊन वर आली आणि वर येऊन शिजली होती.

त्याच्या धानाच्या बांधीत गेल्या कित्येक वर्षांत त्याला एक गांडूळ दिसलं नव्हतं. आणि इथं, ज्याला आपण भातुकली म्हणत आलो, तिथं पायाखाली एवढा मोठा संसार चालू होता, आणि आपल्याला त्याची खबरसुद्धा नव्हती. मुठीतला युरिया दुधरामनं परत पोत्यात नेऊन टाकला, हात धुतले, पुन्हा धुतले. मग फावडा उचलला आणि धुऱ्याचं तोंड फोडलं. जन्मभर पाणी थोपवणारा माणूस पाणी सोडत उभा राहिला आणि दुपट्ट्यानं डोळे पुसत राहिला. उदाराम तंबाखू तशीच हातात धरून घरी गेला.

फोनवर धुरपताला सांगायचं त्याच्या अनेकदा ओठांवर आलं. पण ती पलीकडून काचेच्या पेटीतल्या नातीबद्दल बोलायची, आज दोन थेंब दूध प्यायली, आज डोळा उघडला. तिथं हे रडगाणं कुठं गायचं? तो आपला हूं हूं करायचा.

वाडीचं व्हायचं ते झालं. वांगी मेली. मिरचीचं एकही रोप वाचलं नाही. भेंडीची काही झाडं कशीबशी उभी राहिली. दुधरामनं कुंपणाशी टाकलेलं तणीस परत आणून पसरलं, पळसाच्या डहाळ्या रोवून सावली केली, पण लौकीचे वेल एकेक करून वाळत गेले. तिसऱ्या वेलाचं बूड त्यानं बोटानं दाबून पाहिलं, तर ते पिकल्या केळ्यासारखं दबलं. तो तिथंच मांडवाखाली बसला. सासूबाईचं बी गेलं. त्यांच्या आईचं गेलं. चंदाच्या ओटीत आता काही पडणार नव्हतं, आणि ते आपल्या हातानं झालं होतं. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण तेवढा दम उरला नव्हता.

मेलेले वेल निदान काढून तरी टाकावे, म्हणून एके सकाळी तो मांडवाखाली गेला. वाळलेला पसारा ओढत ओढत धुऱ्यापाशी आला आणि हात थांबला. धुऱ्याच्या वर, पलीकडच्या अंगाला, एक फाटा हिरवा होता. पहिल्यांदा त्याला वाटलं, रानातलं काहीतरी उगवलं असेल. पण नाही, लौकीचंच पान, तीच पांढुरकी लव. हा तोच तिसऱ्या वेलाचा फाटा. बुडाकडं जाणारा भाग काडीसारखा वाळून गेलेला, आणि शेंडा जिवंत. हे कसं होईल? आई मेली आणि लेकरू दूध पिऊन राहिलं, असं कुठं असतं का?

त्यानं फाटा हळूच ओढून पाहिला. तो आला नाही. कोणीतरी पलीकडून धरून ठेवावं तसा ताणून राहिला. दुधराम गुडघ्यावर बसला आणि एका बोटानं धुऱ्याची माती उकरायला लागला. जिथं त्यानं दोन फावडे चिखल थापला होता, बरोबर तिथं, वेलाच्या पेराला मुळ्या फुटल्या होत्या. पांढऱ्या, सुतासारख्या, नव्याकोऱ्या. खालची वाडी पाण्यात बुडाली तेव्हा धुरा तेवढा वर होता. तिथं ना पाणी उभं राहिलं, ना ऊन आत शिरलं. तिथं नुसती ओल होती.

ओल. हा शब्द त्याच्या डोक्यात असा लख्ख पडला की तो कितीतरी वेळ हललाच नाही. बोटाला लागलेली माती त्यानं कपाळाला लावली. देवळात तो कधी इतक्या मनापासून वाकला नव्हता, हे मी तुम्हाला सांगतो.

त्यानंतर दुधरामनं दुसरं कामच केलं नाही. मुळ्यांवर माती सारखी केली, वर तणीस घातलं, सकाळी लोट्यानं पाणी द्यायचा आणि तणसाखाली हात घालून बघायचा. आणि दुपारभर पळसाच्या सावलीत बसून त्या वेलाकडं पाहायचा. ऊन डोक्यावर आलं की पानं मिटून खाली झुकायची. पहिल्या दिवशी त्याचा जीव टांगणीला लागला. हात दोनदा लोट्याकडं गेला, दोनदा त्यानं तो मागं घेतला. ऊन कलतं झालं, वारा जरा निवला, आणि मग कोणी हात न लावता पहिलं पान उठलं. मग दुसरं. दिवस बुडेपर्यंत सगळा फाटा ताठ उभा. माणूस दुपारी डोक्यावर दुपट्टा ओढून पडतो आणि चहाच्या वेळेला उठतो, तसंच हे. दुधरामला हसू आलं आणि हसता हसता गहिवरूनही आलं. साठ उन्हाळे त्यानं पाहिले होते, आणि हे त्यातल्या दर दुपारी त्याच्या घरामागं घडत होतं.

वेलानं पुन्हा मांडव धरला. नवी पानं आली, नराची फुलं आली. आणि एक दिवस एका कळीमागं त्याला पेराएवढी लौकी दिसली. नवरी.

त्या दिवशी दुधराम दुपारपासूनच अस्वस्थ. आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला. उदारामनं कुंपणावरून विचारलं, "कुठं लग्नाले चालला का गा?" तर हा नुसता "हो" म्हणाला. दिवस कलला तसा मांडवाखाली जाऊन उभा राहिला. कळी मिटलेलीच होती. मग तिची टोकं सैल पडली. पाकळ्या त्याच्या डोळ्यांदेखत, अगदी सावकाश, एकमेकींपासून सुटत गेल्या, आणि इतकं पांढरं फूल उघडलं की त्याच्या काळ्या रापलेल्या हाताला त्याला शिवायची लाज वाटली. एवढ्या भाजल्या मातीतून हा रंग येतो कुठून? त्याला कोणी हे सांगितलं असतं तर त्यानं मानलं नसतं.

त्यानं नवरदेव खुडला. पाकळ्या मागं सारल्या. हळूच टेकवलं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून घेतलं, आणि मग त्याला जेवढं आठवत होतं तेवढं सगळं मंगलाष्टक म्हटलं. शेवटी "सावधान" म्हणाला.

चार दिवसांनी लौकी अंगठ्याएवढी झाली. ती पिवळी पडली नाही. दुधरामनं आपला दुपट्टा तिच्यावर सावलीला बांधला.

धुरपता आली ती चंदाला आणि बाळाला घेऊनच. काचेच्या पेटीतून निघालेली ती एवढीशी पोर आता मूठ आवळून रडायची. तिला ओवाळून घरात घेतलं, चंदाला खाट दिली, आणि मग धुरपता मागच्या दारी गेली. दुधराम तिच्या मागं उभा राहिला. तिनं उघडी पडलेली वाडी पाहिली. वांग्यांच्या जागी नुसती माती. मग तो गुळगुळीत धुरा पाहिला, आणि तिला सगळं कळलं.

"पानी धरलं तुमी," ती म्हणाली.

"धरलो," दुधराम म्हणाला. त्यानं एक शब्द लपवला नाही. गांडुळांचंही सांगितलं, युरियाचंही सांगितलं. "तू म्हटली होतीस ना, ओल धरून ठेवजा."

"फोनवर काऊन नाही सांगतलं?"

"तू पोरीपाशी होतीस."

धुरपता खाली बसली. वांग्यांसाठी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं येऊ दिलं. मग तिची नजर मांडवाखालच्या दुपट्ट्यावर गेली. ती उठली, दुपट्टा बाजूला केला. गळ्याशी बारीक, अंगावर लव. तिनं वेलावरून हात फिरवत फिरवत धुऱ्यापर्यंत नेला आणि मुळ्यांपाशी थांबवला. कितीतरी वेळ तिथंच ठेवला.

"लगीन कोनं लावलं?" तिनं मागं न पाहता विचारलं.

"मीच."

"सावधान म्हटलं का?"

दुधरामनं कान खाजवला. "मंगलाष्टकच म्हटलो. येते तेवढं."

धुरपतानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते त्याला पाठमोऱ्या बाईवरून कळलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

पावसात ती लौकी वेलावरच जून झाली, पोळ्यापर्यंत वाळून खडखडली. धुरपतानं तिची मान कापली आणि सुपात बी ओतलं. निम्मं स्टीलच्या डब्यात घातलं, उंदरांच्या नावानं झाकण घट्ट लावलं. निम्मं चंदासाठी. चंदा सासरी निघाली त्या दिवशी पाटावर बसली, मांडीवर बाळ. शेजारच्या बाया जमल्या. तांदूळ पडले, नारळ पडला. दुधराम रीतीप्रमाणे दाराबाहेर उभा होता.

"इकडं या," धुरपतानं हाक मारली.

"मी? बायाचं काम होय ते."

"लगीन तुमी लावलं. बी तुमीच घाला."

बाया पदराआड हसल्या. दुधराम आत आला. धुरपतानं त्याच्या ओंजळीत बी ठेवलं आणि त्यानं ते लेकीच्या ओटीत सोडलं, एकही दाणा खाली सांडू न देता. गोंदियाला चंदाच्या घरामागं वीतभर जागा होती, तिथंच ती हे लावणार होती. पदराची गाठ मारताना तिनं आईला नाही, बापाला विचारलं.

"बाबा, पानी कसं देऊ याले?"

सगळ्या बाया दुधरामकडं पाहायला लागल्या. केशोरीत पाणी धरावं तर यानंच, हे त्यांनाही माहीत होतं. त्यानं धुरपताकडं पाहिलं.

"ओल राहू देजो, माय," दुधराम म्हणाला. "पानी धरू नोको."